घेणाऱ्याची सही

मिलिंद, आज शनिवारचा तास मी एकटीने घेतला. तू जाऊन पाच आठवडे झाले. मधले चार शनिवार मी काही ना काही कारण काढून टाळले; एकदा तर प्रोजेक्टर बिघडलाय असं खोटंच सांगितलं. आपला प्रोजेक्टर बिघडलेलाच असतो, त्यामुळे ते कोणाला खोटं वाटलं नाही. आज मात्र मुलं माझ्या आधी येऊन बसली होती आणि टेबलावर तुझी वही काढून ठेवली होती. तीच, लाल कापडी पुठ्ठ्याची, कारखान्यात शिफ्ट बदलताना भरतात तशी पाळीची वही. मी तिच्याकडे न बघता फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आपण नेमकं काय शिकवतो, हे माझ्या आईला मी आठ वर्षांत समजावू शकले नाही. एम.टेक.चा विषय, सॉफ्टवेअरच्या परिसंस्था आणि कोडच्या भांडारांचं उत्खनन, असं म्हटलं की ती मान हलवायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. तू एकदा आकुर्डीला घरी आलास, बशीत चहा ओतलास आणि तिला म्हणालास, "काकू, हजारो माणसं मिळून एक गोधडी शिवतायत. कोणी कोणाला बघितलेलं नाही. पण कुठला टाका कोणी घातला, कधी घातला, कशासाठी घातला, हे प्रत्येकाने लिहून ठेवलंय. आम्ही ते लिहिलेलं वाचतो, आणि सांगतो की कुठला टाका उसवला तर किती गोधडी उसवेल." आई म्हणाली, "असं सांग की मग." आणि हे ती मला म्हणाली, तुला नाही. तुला तिने आणखी अर्धा कप चहा दिला.

पॉलिटेक्निकला आपण एका बाकावर होतो. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले, तू चाकणला कंपनीत लागलास, कारण तुझ्या वडिलांची कंपनी बंद पडली होती आणि घरात दोघी बहिणी शिकत होत्या. मशीनवर, मग क्वालिटीत, मग नोकरी सांभाळून डिग्री, मग त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागात. हे सगळं तू कधी कर्तबगारी म्हणून सांगितलं नाहीस. मी सांगायला लागले की म्हणायचास, "राव, बायोडेटा नको वाचूस." तर नाही वाचत. मी कॉलेजात हा विषय सुरू करायचं ठरवलं तेव्हा मला आधी तू आठवलास, कारण मी भांडारांबद्दल वाचलेलं होतं आणि तू त्यांत राहत होतास, एवढंच लिहिते.

पहिल्याच शनिवारी तू ही वही घेऊन आलास. एम.टेक.चा वर्ग, सगळ्यांच्या पुढ्यात लॅपटॉप, आणि तू पट्टीने रकाने आखत बसलास. तारीख, देणारा, काय चालू आहे, काय बिघडलंय, घेणारा. मी मनात म्हटलं, झालं, याने आता कारखाना आणला वर्गात. मग तू मुलांना ती गोष्ट सांगितलीस. कंपनीत नवा होतास. तीन वाजता पाळी बदलायची. त्या दिवशी टूल झिजलेलं तुला कळलं होतं, माप हळूहळू सरकत होतं. पण गेटवर कंपनीची बस उभी होती, ती चुकली तर देहूरोडपर्यंत दोन गाड्या बदलाव्या लागत. तू वही अर्धवट भरलीस, पुढच्याची सही न घेता पळालास आणि बस पकडलीस. पुढच्या पाळीवर गायकवाड मामा होते. त्यांचा सगळा लॉट रिजेक्ट झाला. साहेबांची बोलणी त्यांनी खाल्ली, तुझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "पोरा, मशीनला तोंड हाय व्हय? तू न्हाई सांगितलं तर मला कोण सांगणार?"

त्यानंतर तुझ्या कितीतरी बस चुकल्या म्हणे. घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा तुझा नियम झाला, आणि आपल्या वर्गातही झाला. दर शनिवारी तास संपला की प्रत्येकाने आपलं काम शेजारच्याला द्यायचं, वहीत लिहून. शेजाऱ्याने वाचायचं, शंका विचारायच्या, मगच सही. मुलं आधी हसली. मग एका सहामाहीत दोघं डेंग्यूने घरी बसले आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांचं काम न अडखळता पुढे नेलं, तेव्हा हसायची थांबली.

तुझा दुसरा नियम मला पहिल्यापासून झेपला नाही. उत्खनन करून जे काही हाती लागेल, ते खरं की खोटं हे त्या माणसाला विचारायचं. माझं म्हणणं, नोंदी आहेत, आकडे आहेत, माणसं स्वतःबद्दल हजार थापा मारतात, नोंद मारत नाही. तू म्हणायचास, "नोंद काय झालं ते सांगते. का झालं ते माणूस सांगतो." यावरून आपण कॅन्टीनमध्ये इतके वेळा भांडलो की तिथला अण्णा आपल्याला कोपऱ्यातलं टेबल द्यायला लागला. आणि एकदा तर तू माझी पुरती फजिती केलीस. मी मोठ्या ऐटीत एक आलेख दाखवला होता, एका प्रकल्पाचं काम अचानक बंद पडलेलं. मी निष्कर्ष काढला, गटात फूट पडली असणार. पुरावे जोडले, शब्दांच्या वापराचं विश्लेषण जोडलं. तू तिथल्या तिथे त्या माणसाला पत्र टाकलंस. पुढच्या शनिवारी वर्गात उत्तर वाचून दाखवलंस: घर बदललं, नव्या घरात दोन महिने नेट नव्हतं. मुलं बाकं बडवून हसली. मीही हसले, पण घरी गेल्यावर.

हे सगळं हसत लिहिता येतं. आता चिमट्याबद्दल लिहिते, ते हसत लिहिता येत नाही.

चिमटा तुझा. क्वालिटीत असताना प्रत्येक मापयंत्र आपल्या तऱ्हेची फाईल ओकायचं, आणि त्या भाराभर मजकुरातून हवी तेवढी मापं उचलायला तू हा छोटा प्रोग्रॅम लिहिलास. सुट्टीच्या दिवशी, घरच्या संगणकावर, दोन बोटांनी टाईप करून. मग तो सगळ्यांसाठी खुला केलास. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यांनी घेतला, मग राजकोट, कोइम्बतूर, मग कुठल्या कुठल्या देशांतल्या प्रोग्रॅमांनी त्यावर आपला भार टाकला. वर्गात आपण एक प्रश्न नेहमी विचारायचो: किती माणसं गेली तर हे काम बंद पडेल? तू स्वतःच फळ्यावर चिमट्याचं उत्तर लिहायचास. एक. आणि मुलांकडे वळून नमस्कार करायचास.

मला ते विनोद म्हणून कधीच आवडलं नाही. मी तुला दरवेळी म्हणत होते, किल्ल्या कोणाला तरी दे, त्यात बदल करायचे हक्क वाटून टाक. तू "बघू" म्हणायचास. आणि गेल्या वर्षभरात तर तू उत्तरंही देईनासा झालास. लोक चिमट्याबद्दल प्रश्न विचारायचे आणि ते आठ-आठ, नऊ-नऊ दिवस पडून राहायचे. पूर्वी तू जेवण अर्धवट टाकून उत्तर देणारा. तुझ्या हृदयाच्या झडपेचं मला माहीत होतं, पण तू ते सर्दी-पडशासारखं सांगायचास आणि मी तसंच ऐकायचे. मला राग यायचा. आपण मुलांना हाच प्रकल्प दाखवतो आणि तो असा अनाथासारखा पडलेला. एकदा मी तुला तोंडावर म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जमत नसेल तर सोडून दे."

तू म्हणालास, "सोडतोच आहे. हळूहळू."

मी ते नेहमीचं चिडवणं समजले.

मग तो शेवटचा शनिवार. ऑपरेशन बुधवारी होतं. तास संपल्यावर मुलं गेली आणि तू वही माझ्याकडे सरकवलीस. तू आधीच भरून ठेवली होतीस, देणाऱ्याच्या रकान्यात तुझी सही होती. "घेणाऱ्यात कर," म्हणालास. मला भयंकर राग आला. म्हटलं, हे काय नाटक आहे, तीन आठवड्यांनी परत येणार आहेस ना. तू म्हणालास, "येणारच आहे गं. पण पाळी बदलतेय ना? नियम म्हणजे नियम." मी वही मिटली. "मी सही करणार नाही. तूच ये आणि तूच घे." आणि एवढ्यावर थांबायचं, तर वर म्हणाले, "आधी चिमट्याच्या लोकांना उत्तरं दे, मग मला वह्या शिकव." पर्स उचलून मी निघून गेले. तू मागून "सावकाश चालव" म्हणालास, मी वळलेसुद्धा नाही. तुला सांगितलेली शेवटची गोष्ट ही.

रविवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवस फोन माझ्या हातात होता. मला वाटलं, ऑपरेशन झाल्यावर बोलू, निवांत भांडू.

देहूरोडला तुझ्या घरी गेले तेव्हा मला दारातूनच परत फिरावंसं वाटत होतं. बुद्धवंदना झाली होती, पांढऱ्या साडीतल्या बायका अजून बसलेल्या होत्या. तुझ्या संगीताने मला आत नेलं, स्वयंपाकघरात, आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही सही केली नाही म्हणे." माझा चेहरा पडला असणार. ती म्हणाली, "तसं नाही हो. आत नेताना हे सगळ्यांना तेच सांगत होते. नर्सला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना. वैशालीने सही केली नाही, आता मला परत जावंच लागेल. हसत होते. मला म्हणाले, बघ, मशीन सोडता येणार नाही मला." मग आम्ही दोघी रडलो. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "कशाबद्दल? हसत गेले ना आत." मिलिंद, माझ्या हट्टाचा तुला तेवढा उपयोग झाला हे ऐकून मी घरी येऊन पहिल्यांदा नीट जेवले. पण बाकीच्या बोलण्याचा काटा तसाच होता.

आता आजचं सांगते, त्यासाठीच हे लिहायला बसले.

फळा पुसून मी वळले तर अश्विनी उभी राहिली. भोसरीची, जिच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप आहे ती. म्हणाली, "मॅडम, शेवटच्या प्रकल्पाला आम्ही चिमटा घेतलाय. तुम्हाला विचारलं नाही, सॉरी." तिने प्रोजेक्टर लावला. पडदा निळा झाला, तिने दोनदा बंद-चालू केला. पहिला आलेख आला: चिमट्याबद्दलच्या प्रश्नाला उत्तर मिळायला लागलेले दिवस. रेघ वर्षभर चढत गेलेली. मला वाटलं, उठून बाहेर जावं. माझीच तक्रार माझ्यासमोर, पडद्याएवढी मोठी. मग तिने त्यावर दुसरी रेघ आणली. तू सोडून बाकीच्यांनी दिलेली उत्तरं. ती पहिलीच्या मागोमाग चढत होती. तू जितका गप्प, तितके ते बोलके. वर्षाच्या शेवटी तुझ्याविना बहुतेक प्रश्न सुटत होते, फक्त आठ-नऊ दिवसांनी. मी फक्त दिवस मोजले होते. उत्तर शेवटी कोण देतं, हे बघितलंच नव्हतं.

"हे काय झालं ते कळलं," अश्विनी म्हणाली. "का झालं ते ओंकार सांगेल."

ओंकार उठला. मागच्या बाकावरचा, चाकणजवळच्या गावातला, ज्याचा आवाज मी दोन वर्षांत चारदा ऐकला असेल. म्हणाला, "सर म्हणायचे, माणसाला विचारा. पण माणूसच न्हाई म्हणल्यावर आमी बाकीच्यांना विचारलं." अकरा जणांना पत्रं लिहिली होती त्याने. नऊ जणांची उत्तरं आली. त्यातल्या चौघांनी कळवलं की तू त्यांना खासगीत लिहायचास. राजकोटच्या माणसाने तर तुझा निरोप तसाच पाठवला होता: हा प्रश्न तुला येतो. मी गुरुवारपर्यंत गप्प बसतो. नाहीच जमलं तर मी आहे.

उरलेल्या पाच जणांना तू काहीही लिहिलं नव्हतंस. ते म्हणाले, कोणी उत्तर देत नव्हतं म्हणून आम्ही दिलं. एकाने तर चिडून लिहिलं होतं की तुमच्या सरांना सांगा, हे असं चालत नाही. त्याला तू गेल्याचं माहीत नव्हतं. ओंकारने कळवलं. त्याने त्याच दिवशी पडून असलेल्या तीन प्रश्नांना उत्तरं दिली.

म्हणजे निम्मं तू ठरवून केलंस आणि निम्मं तुझ्या आजारपणाने केलं. कुठलं निम्मं कुठलं, हे आता कोणत्याच भांडारातून निघणार नाही. माझी नोंद हरली आणि तुझा माणूसही पुरता जिंकला नाही. आपलं भांडण बरोबरीत सुटलं, असं मी आज अण्णाला सांगून आले. त्याने दोन चहा आणून ठेवले होते, सवयीने. मी दोन्ही प्यायले.

आणि किल्ल्या. त्या तू वर्षापूर्वीच तिघांना देऊन ठेवल्या होत्यास. त्यातल्या एकाला पत्ताच नव्हता, कारण तो मेल उघडत नाही. तो भोसरीचाच निघाला. मग अश्विनी आणि ओंकार मोटरसायकलवर त्याच्या वर्कशॉपला गेले, समोर उभं राहून मेल उघडायला लावला, आणि तो माणूस म्हणाला, "आयला, मिलिंदभाऊंनी हे कधी दिलं?" जगभर पसरलेल्या परिसंस्थेचा वारसदार आपल्या कॉलेजपासून चार स्टॉपवर होता आणि त्याला कोणी हाकच मारली नव्हती. तुझीही पाळीची वही पुन्हा एकदा अर्धवट भरलेली होती बघ, मिलिंद. मला सांगितलं असतंस तर मी जाऊन आले असते. पण मग आठवलं, तू सांगितलं होतंस. हळूहळू सोडतोय म्हणालास, आणि मी कोरडे पाषाण करत बसले.

शेवटी अश्विनीने फळ्यावर आपला प्रश्न लिहिला. किती माणसं गेली तर काम बंद पडेल? उत्तर लिहिलं, तीन.

मी विचारलं, "सरांना धरून?"

"नाही मॅडम. सरांना सोडून."

मुलं गेल्यावर मी वही उघडली. तुझं शेवटचं पान मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं, नुसती सहीची जागा बघून चिडले होते. काय चालू आहे, या रकान्यात तू लिहिलंयस: वर्ग चांगला आहे. ओंकार बोलत नाही पण त्याला येतं, विचारत राहणे. अश्विनी न विचारता कामं करते, करू देणे. काय बिघडलंय, यात: प्रोजेक्टर निळा दिसल्यास दोनदा बंद-चालू करणे. मॅडमच्या आलेखांवर एकक लिहिलेलं नसतं, तपासणे. मॅडम लवकर चिडतात, तेवढ्याच लवकर निवळतात, थांबणे. आणि खाली, गायकवाड मामांच्या पाळीवर लिहीत असतील तसं: मशीन चालू स्थितीत दिले.

मी लवकर निवळले नाही, मिलिंद, तीन दिवस फोन हातात असून. तू मात्र थांबलास, पाच आठवडे, या एका रकान्यासाठी. मला तुला खूप काही सांगायचं होतं. चिमट्याबद्दल मी चुकले होते हे, आणि तुझ्याशी भांडायला मिळावं म्हणून मी शनिवारची वाट बघायचे हे. ते या रकान्यात मावत नाही.

मी आजची तारीख घातली. लिहिलं, चालू स्थितीत मिळाले. आणि घेणाऱ्यात सही केली, नीट, वाचता येईल अशी.

निघ आता. बस गेटवर उभी असेल.